मामाजींचा डावा गाल

मामाजी, तुमची तसबीर वाळवीनं खाल्ली. वाईट बातमी तुम्हाला आधी सांगून मोकळं व्हायची माझी सवय अजून गेलेली नाही. होळीनंतर भिंतीला चुना मारायचा म्हणून तसबीर खाली घेतली, तर मागची काळी फळी पापडासारखी हातात आली. समोरची तरी धड असेल म्हणून बोट लावून पाहिलं, आणि तुमचं कपाळ भुगा होऊन माझ्या पायावर पडलं. सागाला वाळवी लागत नाही असं तुम्ही जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलात. ते खरंच आहे, पण गाभ्याच्या सागाचं. स्वतःच्या चेहऱ्यासाठी तुम्ही कडेचं पांढरं लाकूड निवडलं होतं, तोंड उजळ दिसावं म्हणून. मी ते तेव्हाच पाहिलं होतं. बोललो नाही.

तुमची लेक, माझी बायको, दारात उभी होती. ती रडली नाही. तिनं तो भुगा सुपलीत गोळा केला, तुळशीत टाकला आणि मला म्हणाली, "अवो, अक्षय तृतीयेच्या आत बाबाले पुन्हा करा. नाहीतर पान कोणापुढं मांडू मी? भिंतीपुढं?" त्या दिवशी गेलेल्यांना जेवू घालायचं आणि पुरणपोळीचं पान तुमच्या तसबिरीपुढं मांडायचं, हे तिनं कधी चुकवलं नाही. मी म्हटलं, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात पहिल्यासारखा थांबत नाही, या उन्हात पातळ फळी पिळवटते, लाइटीचा भरवसा नाही, करवतीचं पातं मध्येच तुटलं तर काय करू? ती म्हणाली, "साऱ्या तालुक्याचे मेलेले तुमाले जमतात. माह्या बापापाशीच कसं पातं तुटते?"

तालुक्याचे मेलेले मला जमतात, हे तिनं खरं सांगितलं. तुमच्यानंतर मी मशीन घेतली. कॅटलॉगात तिचं नाव स्क्रोल सॉ आहे, घाटंजीत सगळे तिला जाळीची मशीन म्हणतात. दोऱ्याएवढं पातं जागच्या जागी वर-खाली होत राहतं आणि आपण फळी फिरवायची. तुम्ही हाताच्या कमानीच्या करवतीनं करायचात तेच काम, फक्त रात्री खांदा ठणकत नाही. लोक मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. चेहऱ्यावरच्या सावल्या तेवढ्या मी कापून काढतो, मागे काळी फळी लावतो, आणि लाकडातून माणूस वर येतो. मोर, गणपती, देव्हाऱ्याची जाळी, दारावरच्या पाट्या हेही करतो, पण खरं गिऱ्हाईक तेरवीचं. तेरवीच्या आत तोंड पाहिजे असतं. मी ते देतो. देताना दरवेळी मला धास्ती वाटते, की आता हे लोक वरचं कापड बाजूला करतील आणि म्हणतील, हा आमचा माणूस नाही. आजवर असं कुणी म्हटलं नाही, तरी धास्ती वाटतेच. ती मी माझ्या गावाहून, बोरी अरबहून, घेऊन आलो नव्हतो. ती तुमच्या दुकानात मिळाली.

तुमच्या घरी आलो तेव्हा मी सातवी शिकलेला, कुठल्याच कामाचा नसलेला पोरगेला माणूस होतो. तुम्हाला दोन लेकीच. थोरलीला तुम्ही वणीच्या कोळसा खाणीतला बाबू पाहिलात आणि धाकटीला घरजावई. मांडवात तुम्ही माझे पाय धुतलेत, आणि हळद उतरायच्या आत माझ्या हाती केरसुणी देऊन दुकानातला भुसा झाडायला लावलंत. मी शिकत गेलो. आधी पानं-फुलं, मग कपड्यांच्या चुण्या, मग केस, मग नाक आणि ओठ. गिरमिटानं भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं, कमानीला ताणून बांधायचं, तेवढी सावली कापायची, पातं सोडवायचं, पुन्हा पुढच्या भोकात ओवायचं. जवळजवळ सगळा चेहरा मी कापायचो. डोळे मात्र शेवटी, आणि ते तुमचे. मी डोळ्यांपाशी पोचलो की तुम्ही मागे येऊन उभे राहायचात आणि एकच शब्द बोलायचात, "उठा." मी स्टुलावरून उठायचो. तुम्ही बसायचात.

डोळ्यातली चमक म्हणजे काळ्या भोकात शिल्लक ठेवलेला लाकडाचा कण. तो एका केसाएवढ्या दांडीनं पापणीला धरून असतो. दांडी तुटली की चमक भुशात पडते आणि माणूस मेलेला दिसतो. तो मेलेलाच असतो, पण भिंतीवर तसा दिसून चालत नाही. तुम्ही ती दांडी राखायचात, मग पाठीमागे तापल्या खिळ्यानं आपली खूण डागायचात, आणि गिऱ्हाईक तुमच्या पाया पडायचं. मी तोवर भिंतीला पाठ लावून उभा. तुम्ही मला कधी "ऊठ" म्हणाला नाहीत, जावयाचा मान राखून "उठा"च म्हणालात. आणि मी कधी विचारलं नाही की मामाजी, मी बसून राहिलो तर काय होईल? मी तुमच्या गालाकडे बघायचो आणि उठायचो.

गालाकडे का, ते तुम्हाला माहीत नसेल. लाकडं चिरायच्या आरामशीनवर फळीची ढलपी उडून तुमच्या डाव्या गालावर जो व्रण पडला होता, तो तुम्हाला राग यायच्या आधी पांढरा व्हायचा. आवाज नंतर चढायचा, हात त्याच्याही नंतर उठायचा. सकाळी तुम्ही दुकानात शिरलात की मी आधी तुमचा डावा गाल बघायचो. जेवताना तो बघायचो. गिऱ्हाईक तुमच्याशी बोलत असायचं आणि मी फळीआडून तो बघत असायचो. इतका मी माझ्या बायकोचा चेहरा पाहिलेला नाही.

वणीच्या त्या दोघा भावांची आई मी कापत होतो, तो दिवस घ्या. फोटोवर ट्रेसिंग कागद ठेवून आखायचं आणि ती आखणी फळीवर उतरवायची. तसला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून तुम्ही वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं टिंब करायचात. टिंब दिसलं की कागद सुलटा. त्या दिवशी माझं टिंब राहिलं. कागद उलटा पडला, सगळी बाई उलटी कापली गेली, आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. भाऊ न्यायला येऊन बाकावर बसले होते. फक्त डोळे राहिले होते. "उठा." मी उठलो. तुम्ही बसलात, फोटो पाहिलात, फळी पाहिलीत. व्रण पांढरा झाला. तुम्ही माझ्याकडे न बघता ती फळी गुडघ्यावर घेऊन मोडलीत आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणालात, "जवाईबुवा, डाव्या नाकपुडीतली चमकी उजवीकडं गेली. मेलेल्या बाईचं नाक पुन्हा कायले टोचता?" ते भाऊ आईला रडून आलेले होते. ते हसले. एक जण डोळे पुसत हसला. तुम्ही त्यांना थांबवून घेतलंत, दुसरी फळी स्वतः कापायला बसलात, आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्या पाया पडून गेले. मला मात्र नाव पडलं. आठवडी बाजारात भाजीवाली ओरडायची, "या नाकटोचेबुवा, वांगे देऊ काय?" तिला मामला काय होता तोही माहीत नव्हता.

आणि अधिक महिन्यातलं ते जेवण. त्या महिन्यात जावयाला बोलावतात, धोंडे-अनारसे वाढतात, वाण देतात. मी घरातच राहणारा, मला बोलावणार कुठून? वणीहून साडूभाऊ आले. त्यांच्या ताटाशी पँट-शर्टाचं कापड आणि तांब्याच्या भांड्यात अनारसे. माझ्या ताटाशी रुमालाखाली काहीतरी लांबट. रुमाल काढला तर करवतीची कमान. साडूभाऊ खो-खो हसले. "वा साडूभाऊ! आमाले कापड अन् तुमाले करवत! मंग हात धुतले का बसा लगेच कामाले." तुम्हीही हसलात. आत तुमची लेक भांडी आपटत होती. ती कमान तुम्ही स्वतः शिसमाची घडवली होती, मूठ माझ्या हाताच्या मापाची. माझं माप तुम्ही कधी घेतलंत, मला कळलं नाही. ती इतकी चांगली होती हेच मला जास्त लागलं. वाईट असती तर विहिरीत टाकून देता आली असती. तिच्यावर मी तुम्ही जाईपर्यंत काम केलं, आणि त्या अनारशांची चव मला अजून माहीत नाही.

आता तुमच्या तसबिरीचं सांगतो. फोटोवाल्यांवर तुमचा विश्वास नव्हता. लग्नाच्या फोटोतही तुम्ही ऐन वेळी मान फिरवलेली. शेवटच्या वर्षी खोकला वाढला तेव्हा तुम्ही दुकानात चार माणसांदेखत जाहीर केलंत, "मी मेलो का हे जवाईबुवा मले उलटं टांगतीन. त्यापरीस मीच करून ठेवतो." दाढीचा आरसा समोर टेकवलात आणि स्वतःचं तोंड आखायला बसलात. मला फळीला हात लावू दिला नाहीत. ओठ, नाक, मिशी, सगळं तुम्ही. मी झाडू मारता मारता बघत होतो, आणि झाडू खाली ठेवला. आरशात दिसलं तसंच्या तसं तुम्ही फळीवर उतरवलं होतं. व्रण उजव्या गालावर गेला होता. भांग दुसऱ्या बाजूला. तुम्ही स्वतःचं नाक टोचून ठेवलं होतं, मामाजी.

मी सगळा धीर गोळा केला. म्हटलं, "मामाजी, खूण उलट्या गालावर गेली. आरशातलं उतरलं ते."

तुमचा हात थांबला. "माह्या तोंडावरची खूण कोणत्या गालावर हाय, थे मले तू सांगशीन?" पहिल्यांदाच तुमच्या तोंडून 'तू' निघालं. "रोज दाढी करतो मी. जन्मभर पाह्यून राह्यलो हे तोंड. तू कोण मले सांगणारा?"

हात लावून बघा, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी झाडू उचलला आणि बाहेर गेलो. पुढं दिवाळीही तुम्हाला दिसली नाही. तसबीर टांगली, हार घातला. येणारा जाणारा म्हणायचा, हुबेहूब! एखादा म्हातारा मान वाकडी करून बघायचा आणि पुटपुटायचा, "काहीतरी निराळंच वाटते बाप्पा." काय निराळं, ते त्याला सांगता यायचं नाही. मला यायचं. मी हार सरळ करायचो.

म्हणून यंदा मी ठरवलं, तुम्हाला सुलटं करायचं. प्रेमानं नाही. तुम्ही आरशात बघितलेला माणूस पुष्कळ वर्षं भिंतीवर मिरवला, आता मी समोरून बघितलेला माणूस तिथं जाऊ दे, एवढंच. फोटो नव्हता, तसबिरीचा भुगा तुळशीत गेलेला. मी कोरा कागद घेतला आणि काढत गेलो. आधी व्रण काढला, डाव्या गालावर, आणि त्याच्याभोवती बाकीचे तुम्ही. कोणती भुवई आधी चढते, ओठाचा कोणता कोपरा आत ओढला जातो, मान किती तिरकी होते, सगळं हातात होतं. कुठेही खोडायला लागलं नाही. इतर मेलेल्यांसाठी मला फोटो लागतो, मोठा करून, भिंग लावून. तुमच्यासाठी लागला नाही. भीतीनं पाठ केलेलं विसरत नाही बहुतेक.

फळी गाभ्याची घेतली. लाल टिंब केलं, पुन्हा पुन्हा बघितलं. कूलर बंद ठेवला, वाऱ्यानं कागद हलू नये म्हणून. घाम पुसत कापत होतो आणि प्रत्येक भोकाला वाटायचं, आता चिरेल. चिरली नाही. डोळे सोडून सगळे तुम्ही झालात. मला वाटलं, आता तिला दाखवावं. आता तरी घरातलं कुणीतरी बघून म्हणेल की हो, असेच होते. मला आयुष्यात एकदा ते ऐकायचं होतं, तेही तुमच्याच बाबतीत.

ती चहा घेऊन आली. कप ठेवून फळी बघितली. म्हणाली, "हे कोण होय?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा."

"नाही वो. हे बाबा नाही."

"डोळे राहिलेत अजून, म्हणून तुला तसं..."

"डोळ्याचं नाही." तिनं फळीवर दुसऱ्या गालाला बोट लावलं. "बाबाची खूण ह्या गालावर होती. उलटं केलं तुमी सारं. पुन्हा नाक टोचलं काय वो?" आणि ती हसली. तुमचं हसणं आहे तिच्याकडे, मामाजी, ते कुठं गेलेलं नाही.

मी तिला आरशाचं सांगितलं. टिंबाचं सांगितलं. आरसा आणून तिच्यासमोर धरला, तिच्या कानातलं कसं दुसरीकडं दिसतं ते दाखवलं. मला बोलताना दम लागला. तिनं आरसा बाजूला ठेवला. "माह्या बापाचं तोंड मले सांगता? रोज कुंकू लावते मी त्या तोंडाले." मग मला समजलं की भांडण्यात अर्थ नाही. जिवंत बापाला तिनं पाहिलं त्याहून कितीतरी जास्त काळ तिनं ती फळी पाहिली आहे. तिच्या डोक्यातला बाप फळीतला आहे. चहा निवून गेला. मी कागद उलटा केला.

दुसरी तसबीर वेळेत झाली. डोळेही झाले, सहज झाले, दांडी हललीसुद्धा नाही. तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. अक्षय तृतीयेला तिनं त्याच्यापुढं पान मांडलं, पुरणपोळीवर तूप सोडलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता बरोबर झालं." वणीहून साडूभाऊ आले होते. काठी टेकत तसबिरीपाशी गेले आणि म्हणाले, "हुबेहूब! काय हात होता मामाजीचा!" मी कापलेली आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तुमच्या लेकीनंही नाही. माझ्या तोंडात घास होता.

सुलटी फळी दुकानात आहे, माझ्या स्टुलासमोर टेकवून ठेवलेली. व्रण डाव्या गालावर. डोळ्यांच्या जागी पेन्सिलीच्या रेघा. तुमचा डावा गाल कोणता हे जाणणारा आता मी एकटा उरलो आहे. माझी शुगर वाढलेली असते, छातीत मधूनच धडधडतं, डॉक्टर काही नाही म्हणतो पण ते पुन्हा पुन्हा म्हणतो. मी गेलो की तुमची खूण कायमची उजव्या गालावर जाईल, आणि जन्मभर पाह्यून राह्यलो म्हणालात तेच खरं ठरेल. जिंकलात तुम्ही. हे लिहितोय तो कागद कुठं पाठवायचा नसतो हे मलाही कळतं. याच्या मागच्या बाजूला तुमच्याच नाकाची आखणी आहे, तो खणात राहील.

एक तेवढं सांगतो. आज दुपारी ती झोपली होती. मी दार लावलं, कडी ओढून बघितली, आणि तुमची फळी मशीनवर घेतली. म्हटलं, करून टाकू डोळे. उगीच अर्धवट कशाला ठेवायचं? गिरमिटानं भोक पाडलं, नवं पातं ओवलं, ताण दिला, टिचकी मारून आवाज ऐकला. सगळं बरोबर होतं. हातही थरथरत नव्हता. बटनाकडे बोट नेलं आणि मी स्टुलावरून उठलो. उठून माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो, भिंतीला पाठ लावून. बराच वेळ उभा होतो. स्टुलावर कुणी येऊन बसलं नाही. मग मी पातं सोडवलं आणि हे लिहायला घेतलं.